हरताळाखालची अक्षरे

२०२४ च्या दिवाळीआधी काकूंचा फोन आला. काकू म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांच्या पत्नी. सर जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. मिरजेचे घर रंगवायला काढले होते आणि कपाटांमागच्या, माळ्यावरच्या वस्तूंची विल्हेवाट लावणे चालू होते. "अगं, यांचा तो संगणक उद्या भंगारवाला न्यायला येतोय. त्यातलं तुला काही हवं असलं तर बघ, म्हणून फोन केला," काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी मिरजेला गेले आणि भंगारवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवले. माझ्या आजवरच्या वाङ्मयीन कार्यात याहून ठोस असे काही असेल असे मला वाटत नाही.

सरांनी आयुष्याची शेवटची दहा वर्षे एका आख्यानकाव्याच्या संपादनात घालवली. काव्य अप्रसिद्ध, कवी त्याहून अप्रसिद्ध, आणि पोथी एकच. ज्या घराण्याकडे ती होती त्यांनी ती उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. सर दर रविवारी त्यांच्या ओसरीवर बसून पंधरा-वीस ओव्या वहीत उतरवून घेत आणि उरलेला आठवडा त्या संगणकावर चढवत. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून २००२ मध्ये त्यांनी हे यंत्र खास त्यासाठी घेतले होते. संहिता पुरी झाली, प्रस्तावना पुरी झाली नाही. झाली होती की नाही, हाच पुढे प्रश्न झाला. पण ते नंतर.

काकूंचा पुतण्या बंगळुरूला संगणकाच्या क्षेत्रात आहे. त्याने फोनवर सल्ला दिला, "ताई, एवढं काय त्यात? डिस्क काढा, डॉक्युमेंट्स कॉपी करा, युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. खोकं जाऊ द्या." सल्ला व्यवहारी होता आणि मीही बहुधा तसेच केले असते. पण त्याच संध्याकाळी डिस्कमधली एक फाइल मी माझ्या संगणकावर उघडून पाहिली. पानभर उलटेसुलटे इंग्रजी स्वर, त्यांच्या डोक्यांवर फ्रेंच टोप्या, मध्येच पौंडाचे चिन्ह. त्यात कुठेतरी सरांच्या दहा वर्षांच्या ओव्या होत्या.

युनिकोडपूर्व मराठी संगणनाची कहाणी आता विस्मृतीत चालली आहे. आज तिशीच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांना ती सांगावी लागते. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलरचे श्रीलिपी, शिवाय आकृती अशा संचांवर त्या काळी मराठीतली बहुतेक पुस्तके जुळवली गेली. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक १९९१ मध्ये ठरले होते, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरीला जागा मिळाली होती. परंतु छापखान्यांत आणि घरोघरी जे चालले ते वेगळेच होते. इंग्रजी वर्णमालेसाठी आखलेल्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. एका घरात अर्धा क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. प्रत्येक कंपनीची घरे निराळी. फाइलमध्ये साठवलेले असतात ते या घरांचे क्रमांक. त्यांचे मराठीपण फॉन्टमध्ये असते, आणि फॉन्ट त्या यंत्रात असतो. 'कि' हे अक्षर सरांच्या फाइलीत आधी वेलांटी आणि मग क असे साठवलेले आहे, कारण डोळ्याला ते तसे दिसते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, कारण उच्चाराचा क्रम तो आहे. रूपांतर करणाऱ्या प्रणाली ही उलथापालथ बऱ्यापैकी करतात. वर्तमानपत्राच्या मजकुराला ते पुरते.

सरांच्या मजकुराला पुरणार नव्हते, कारण त्यांच्या पोथीत मधूनमधून पृष्ठमात्रा होत्या. जुन्या देवनागरी लेखनात एकाराची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या रेघेने दाखवण्याची रीत होती. ही रेघ काना म्हणून वाचली तर अर्थाचा विचका होतो, हे पोथ्या हाताळणाऱ्यांना ठाऊकच आहे. युनिकोडमध्ये या खुणेला स्वतंत्र जागा मिळाली ती २००९ मध्ये. सरांना ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी आपल्यापुरता उपाय काढला होता. त्यांच्या फॉन्टमध्ये काना दोन रुंदींचे होते. रुंद काना त्यांनी काना म्हणून वापरला आणि अरुंद काना पृष्ठमात्रेसाठी राखून ठेवला. रूपांतर करणाऱ्या प्रणालीला हा फरक कळत नाही. तिच्या लेखी दोन्ही काने एकच. पोथीप्रमाणे शब्द न तोडता लिहिलेल्या ओळीत 'राम तेथ' असेल तर रूपांतरानंतर 'रामा तथ' होऊन बसते, आणि पुढच्या संशोधकाला तिथे मुळात काय होते हे कळण्याचा मार्ग उरत नाही. सरांनी दहा वर्षे डोळे फोडून जपलेला भेद एका क्षणात सपाट झाला असता. तोही मदत म्हणून.

तेव्हा आमच्या महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळेच्या साहाय्यकांनी दुसरी वाट सुचवली. फाइली हलवण्याऐवजी अख्खे यंत्रच हलवायचे. याला त्या क्षेत्रात 'पी-टू-व्ही' म्हणतात, म्हणजे 'फिजिकल'चे 'व्हर्च्युअल' करणे. खऱ्या संगणकाची डिस्क शेवटच्या कणापर्यंत उतरवून घ्यायची आणि आजच्या संगणकाच्या पोटात एक आभासी यंत्र उभे करून त्याला ती डिस्क म्हणून द्यायची. आतल्या जुन्या कार्यप्रणालीला वाटते आपण आपल्याच खोक्यात आहोत. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर १९६० च्या दशकातच एका संगणकाची अनेक सोंगे उभी केली जात होती आणि १९७२ मध्ये तिची व्हीएम-३७० ही प्रणाली बाजारात आली. टेबलावरच्या संगणकावर ही किमया व्हीएमवेअरने १९९९ मध्ये आणली. पुढे कंपन्यांनी जुने सर्व्हर खोल्यांमधून हटवण्यासाठी ती सर्रास वापरली. वाङ्मयाच्या वाट्याला ती उशिरा आली. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने २०१० मध्ये सलमान रश्दींच्या कागदपत्रांचे प्रदर्शन भरवले तेव्हा त्यांच्या मॅकिंटॉश परफॉर्मा ५४०० या संगणकाची चालती प्रतिकृती अभ्यासकांसमोर ठेवली होती. लेखकाचे टेबल जसेच्या तसे, फक्त पडद्याआड. मिरजेच्या एका निवृत्त प्राध्यापकासाठी एमरी विद्यापीठ येणार नव्हते, म्हणून आम्ही दोघे.

या परिभाषेत ज्या संगणकाच्या पोटात हे चालते त्याला 'होस्ट' आणि आतल्याला 'गेस्ट' म्हणतात. यजमान आणि पाहुणा. काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या पिढीत यजमान या शब्दाचा आणखी एक अर्थ रोजच्या बोलण्यात होता.

मूळ यंत्र आम्ही सुरू केलेच नाही. बोर्डावरची काही धारके फुगली होती, आणि बारा वर्षे पडून असलेली डिस्क किती वेळा फिरेल याची खात्री नव्हती. ती काढून एका जोडणीतून प्रयोगशाळेतल्या लिनक्स संगणकाला लावली आणि 'डीडीरेस्क्यू' नावाच्या साधनाने उतरवायला घेतली. या साधनाची रीत मला फार आवडली. ते अडलेल्या जागेशी झुंजत बसत नाही. आधी जे सहज वाचता येते ते सगळे उतरवून घेते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि मग त्या जागांकडे पुन:पुन्हा वळते. सरांनी आम्हाला पोथी वाचायला अशीच शिकवली होती. चाळीस गिगाबाइटची डिस्क, धडधाकट असती तर तासाभरात झाली असती. तिला रात्र लागली. सकाळी तीन लहान पट्टे वाचायचे राहिले होते. तिथे साधनाने शून्ये भरली होती आणि त्या जागांचा नकाशा वेगळ्या फाइलीत लिहून ठेवला होता. कसरीने खाल्लेल्या अक्षरांच्या जागी आपण टिंबे देतो आणि टीप लिहितो, तसेच.

मग त्या प्रतीला व्हर्च्युअलबॉक्सच्या साच्यात घातले आणि सुरू केले. निळा पडदा. 'सात-बी'वर संपणारा एक संकेतांक, आणि पुन्हा सुरू करा असा सल्ला. पुन्हा सुरू केले, पुन्हा निळा पडदा.

कारण समजले तेव्हा मला त्या यंत्राबद्दल थोडी आपुलकी वाटली. विंडोज एक्सपी ही प्रणाली बसवली जाते तेव्हा आपल्या डिस्कपर्यंत पोचण्याचा रस्ता लक्षात ठेवते: अमुक चिप, अमुक चालक. आभासी यंत्र मात्र इंटेलच्या १९९० च्या दशकातील पीआयआयएक्स चिपचे सोंग घेते. सरांच्या बोर्डावर दुसऱ्याच बनावटीची चिप होती. थोडक्यात, प्रणाली जागी झाली, तिने ओळखीच्या रस्त्याने पाऊल टाकले आणि तिथे रस्ताच नव्हता. घर आतून शाबूत, पण जिन्याची जागा बदललेली. उपाय असा की ती झोपेत असतानाच तिच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, नव्या रस्त्याची नोंद करून ठेवायची आणि इंटेलचा चालक पहिल्यापासून जागा राहील असे लिहायचे. साहाय्यकांनी ते केले. मग प्रणाली दोन पावले पुढे गेली आणि थांबली. 'आय-ओ एपिक' नावाची एक खूण आभासी यंत्राच्या मांडणीत लावायची राहिली होती, ती लावली. स्मृती मूळच्याइतकीच, २५६ मेगाबाइट. प्रक्रियक एकच. जाळ्याची जोडणी काढून टाकलेली, कारण या प्रणालीची देखभाल तिच्या निर्मात्यांनी एप्रिल २०१४ मध्येच थांबवली आहे आणि असे यंत्र आज आंतरजालावर सोडणे म्हणजे लहान मुलाला जत्रेत सोडणे.

हे सगळे चालू असताना मी एक वही केली. काय बदलले, कुठे, का. साहाय्यक म्हणाले, "मॅडम, एवढं कशाला? चालू झालं म्हणजे झालं." मी त्यांना सांगितले की आमच्या शास्त्रात याला फार किंमत आहे. सरांच्या टेबलावर कत्रे यांचे भारतीय पाठचिकित्सेवरचे १९४१ चे इंग्रजी पुस्तक कायम असे, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताची गोष्ट ते इतक्यांदा सांगत की आम्हाला सुखठणकर हे घरातलेच कुणी वाटत. प्रत म्हणजे साक्षीदार, हे त्यांचे आवडते वाक्य. साक्षीदाराला बोलते करण्यासाठी त्याच्या तोंडी तुम्ही जे शब्द घातलेत ते निदान वेगळे लिहून ठेवा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा पुढच्यांना भर घालू नका म्हणून बजावले. पण त्यांनी स्वत: नेमके काय काढले आणि काय बदलले याची यादी ठेवली असती, तर आमच्या कित्येक पिढ्यांचे काम हलके झाले असते, असे सर म्हणत आणि लगेच कानाला हात लावत. माझ्या वहीत पाच नोंदी झाल्या. पाच ठिकाणी सरांचे यंत्र आता सरांचे नाही.

शिवाय मूळ प्रत मी 'इम्यूटेबल' ठेवायला सांगितली. म्हणजे आभासी यंत्र चालू असताना जे काही लिहिले जाईल ते एका बाजूच्या थरावर जाते आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की तो थर पुसला जातो. नाहीतर नुसते फाइल उघडून पाहिल्यानेही तारखा बदलतात. वाचक कितीही सोवळा असला तरी त्याचा हात पोथीला लागतोच.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी यंत्र उठले. हिरवी टेकडी, निळे आकाश, आणि त्यावर दाटीवाटीने मांडलेली चिन्हे. उठल्याबरोबर त्याने आजूबाजूला पाहिले: डिस्क नवी, प्रक्रियक नवा, पडदा नवा, जाळ्याचे कार्ड नवे. आणि मला बजावले की यंत्रात मोठे बदल झालेले दिसतात, तीन दिवसांत पुन्हा नोंदणी करा. चाचेगिरी रोखण्यासाठी केलेली ही तजवीज, पण त्या क्षणी तो प्रश्न मला निराळाच ऐकू आला. तू खरेच तेच यंत्र आहेस का? तीन दिवस मला पुरणार होते.

सरांच्या कप्प्यांची नावे रोमन अक्षरांत होती. 'पोथी', 'प्रस्ता', 'संकीर्ण', 'पत्रे'. 'पत्रे' मी उघडला नाही. 'पोथी' उघडला, आणि सरांच्या फॉन्टमध्ये, अरुंद आणि रुंद अशा दोन्ही कान्यांसह, पहिली ओवी पडद्यावर उभी राहिली. त्यानंतर मी बराच वेळ काहीच केले नाही.

'प्रस्ता'मध्ये दोन फाइली होत्या. एकीत प्रस्तावनेचा जो पाठ होता तो मला तोंडपाठ होता. २००४ मध्ये सरांनी त्याची छापील प्रत मला दिली होती आणि माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण तिच्यावर उभे आहे. पोथीत अधूनमधून येणाऱ्या पृष्ठमात्रांवरून सरांनी पोथी सोळाव्या शतकातली ठरवली होती. मी त्यावरून कवीचा काळ ठरवला आणि काळावरून बाकीचे सगळे. प्रबंध मान्य झाला, पुस्तक झाले, एक पुरस्कारही मिळाला. दुसरी फाइल शब्दश: तीच होती. फक्त तो परिच्छेद नव्हता.

कोणती आधीची? छापील प्रत माझ्याकडे होती म्हणून परिच्छेद असलेला पाठ जुना, असे म्हणता येत नव्हते. सरांनी परिच्छेदाविना आधी एक खर्डा केला असेल आणि परिच्छेद नंतर घातला असेल, हेही शक्य होते. तारखा पाहिल्या. दोन्ही फाइलींवर एकच तारीख: १ जानेवारी २००२. खुलासा काकूंकडून मिळाला. सरांना विजेची भीती, रोज रात्री ते खटका बंद करून वायरही भिंतीतून उपटून ठेवत. बोर्डावर घड्याळासाठी नाण्याएवढी बॅटरी असते ती केव्हातरी संपली असणार आणि कुणी बदलली नाही. त्यानंतर सरांच्या संगणकात रोज सकाळी २००२ सालचा पहिला दिवस उजाडत असे, मध्यरात्री बारा वाजता. तारखेला अर्थ उरला नव्हता, पण वेळेला होता. परिच्छेद असलेली फाइल बारा वाजून बावन्न मिनिटांची: म्हणजे यंत्र सुरू केल्यानंतर बावन्न मिनिटांनी सरांनी ती जतन केली. दुसरी दोन वाजून तेरा मिनिटांची. त्या दिवशी सर सव्वादोन तास बसले होते. कोणत्या दिवशी, ते माहीत नाही. शक नाही, संवत्सर नाही, फक्त घटिका लिहिलेली पुष्पिका मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग एक गोष्ट लक्षात आली. परिच्छेद नसलेली फाइल आकाराने मोठी होती. मजकूर कमी, बोजा जास्त. साहाय्यकांना विचारले तर ते म्हणाले, जुन्या वर्डमध्ये 'फास्ट सेव्ह' अशी सोय होती. तीत फाइल पुन्हा अख्खी लिहिली जात नसे. झालेले बदल तेवढे शेवटी जोडले जात. खोडलेला मजकूर पडद्यावरून जाई, पण फाइलीत तसाच पडून राही.

पोथ्यांमध्ये चुकलेले अक्षर खोडत नसत. त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि वर नवे लिहीत. हरताळ फासणे हा आपला वाक्प्रचार तिथून आला. हरताळ उडाला की खालचे अक्षर दिसते. सर अशा जागा भिंगाखाली धरून आम्हाला दाखवत आणि म्हणत, "इथं लेखक विचार करताना दिसतो."

फाइलीचा कच्चा मजकूर मी निराळ्या साधनाने उघडला, शेपटाकडची चिन्हांची एक लांब रांग उचलली, सरांच्या यंत्रात नेली आणि तिला सरांचा फॉन्ट लावला. परिच्छेद होता तसा उमटला. पहिला शब्द, शेवटचा पूर्णविराम, सगळा. म्हणजे तो या फाइलीत होता आणि इथेच काढला गेला. ज्यात तो नाही तो पाठ नंतरचा.

हे यंत्र मिळाले नसते, किंवा पुतण्याच्या सल्ल्याप्रमाणे केवळ मजकूर उचलून युनिकोडमध्ये नेला असता, तर माझ्यापुढे दोन समान तोलाचे पाठ असते आणि संपादक या नात्याने मी पूर्ण पाठ निवडला असता. त्याचे समर्थनही केले असते. आणि त्या समर्थनात माझे तिसरे प्रकरण सुरक्षित राहिले असते, हे माझ्या मनात आले नसते असे मी म्हणू शकत नाही.

सरांनी तो परिच्छेद का काढला असेल याची मला आता कल्पना येते. 'अधूनमधून' या शब्दात ते आहे. पृष्ठमात्रा ही लेखनिकाची स्वत:ची सवय असती तर ती सगळीकडे दिसायला हवी. क्वचित दिसते याचा अर्थ तो जुन्या प्रतीवरून उतरवत होता आणि काही ठिकाणी समोरच्या अक्षराची नक्कल त्याच्या हातून होऊन गेली, असाही निघतो. मग हाती असलेली पोथी बरीच अलीकडची ठरते, आणि काव्याचा काळ पुन्हा मोकळा होतो. किंवा असेही असेल की सर तो परिच्छेद अधिक चांगला लिहिणार होते आणि राहून गेला. खोडणे म्हणजे नाकारणेच असे नाही. पण ज्या माणसाने वीस वर्षे आम्हाला पुराव्याची ताकद तोलायला शिकवले, त्याच्या हरताळाचे वजन मी किती धरायचे?

या सगळ्यात एक अवघड जागा आहे आणि ती मी टाळू नये. डिस्कची कणाकणाने घेतलेली प्रत म्हणजे काढून टाकलेल्या फाइलींचे अवशेषही आलेच. योग्य साधने चालवली तर सरांनी बारा-पंधरा वर्षांपूर्वी फेकून दिलेले कितीतरी परत उभे करता येईल. ते मी केलेले नाही, करणार नाही. पण तो एक परिच्छेद मी उकरला. रेषा कुठे आखली, असे कुणी विचारले तर माझ्याकडे नीट उत्तर नाही. प्रकाशनासाठी तयार होत असलेल्या लेखनापुरती मी पाहिले, एवढेच सांगता येते, आणि ते उत्तर मला स्वत:लाही थोडे सोयीचे वाटते.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन मिरजेला गेले. स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर यंत्र सुरू केले. सुरू होताना ते जे काही वाजते ते वाजले, आणि आत ओटा पुसण्याचा आवाज थांबला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. बराच वेळ टेकडीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे वाजलं की मी चहाचं आधण ठेवत असे."

मी त्यांना परिच्छेदाचे सांगितले. सरांनी कधी काही म्हटले होते का, असे विचारले. त्यांनी आठवून पाहिले. "एका रविवारी ते लवकर परत आले होते. मी विचारलं तर म्हणाले, चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक." एवढेच. त्याचा काय तो अर्थ लावावा.

संहिता आता छपाईच्या वाटेवर आहे. प्रस्तावना सरांच्या शेवटच्या पाठाप्रमाणे जाईल, परिच्छेदाविना. तो तळटीपेत येईल आणि तो कसा सापडला हेही तिथे लिहिलेले असेल. राहिले माझे पुस्तक. त्याची दुसरी आवृत्ती निघाली तर तिसरे प्रकरण मी नव्याने लिहीन. मराठीत समीक्षाग्रंथांच्या दुसऱ्या आवृत्त्या किती निघतात हे वाचकांना सांगायला नको, म्हणून इथेच लिहिते: त्या प्रकरणातला कालनिर्णय ज्या आधारावर आहे तो आधार तो देणाऱ्यानेच काढून घेतलेला दिसतो. ज्यांनी त्यावरून पुढे काही लिहिले आहे, माझ्या दोन विद्यार्थिनींसह, त्यांनी ते तपासून घ्यावे.

'पत्रे' हा कप्पा मी काकूंना दाखवला आणि कसा उघडायचा ते सांगून बाहेर गॅलरीत जाऊन बसले. पंधरा मिनिटांनी त्यांनी हाक मारली. त्यांनी तो उघडला की नाही हे मी विचारले नाही. त्यांच्या हातात सुईदोऱ्याचा पत्र्याचा डबा होता आणि त्यातून त्यांनी एक करड्या रंगाचा चपटा ठोकळा काढला, दोन्ही कडांना स्क्रू असलेला. "हे संगणकाच्या मागून निघालं होतं. महागाचं आहे, सांभाळून ठेव म्हणाले होते. काय आहे हे?"

ते मराठी टंकलेखनाच्या संचाचे कुलूप होते. त्या काळी असे संच चोरून वापरले जाऊ नयेत म्हणून प्रिंटरच्या खोबणीत हे अडकवावे लागे. ते असल्याशिवाय कळफलकातून मराठी उमटत नसे. आजच्या लॅपटॉपला ती खोबणच नाही. फॉन्ट यंत्रात आहे म्हणून लिहिलेले सगळे दिसते. पण सरांच्या या यंत्रात आता मराठीतले एकही नवे अक्षर लिहिता येणार नाही. मी काकूंना तसे सांगितले.

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे यांच्या लिहिण्यात आता कुणाला ढवळाढवळ करता यायची नाही."

"मराठीत तरी नाही," मी म्हणाले.

काकूंनी ठोकळा पुन्हा सुईदोऱ्यांत ठेवला आणि डब्याचे झाकण लावले.